अनोळखी मैदानावर उतरताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारतो असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दारात उभं राहिल्यावर भीती नाही वाटत?" वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी विमानात बसणार नाही. पण ती भीती दाराबाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत ओसरते, आणि तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर, एका टेबलापुढे उभं असताना वाटलेल्या संकोचाविषयी. परक्या ठिकाणी गेल्यावर नवख्या माणसाला प्रश्न विचारायची जी लाज वाटते, ती या खेळात उंचीपेक्षा महाग पडू शकते.

माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. आमच्या शिवारात त्या काळी बऱ्याच विहिरींना कठडा नव्हता. धुऱ्याला लागून जमिनीच्या पातळीला उघडं तोंड, आणि पावसाळ्यात भोवती गवत माजलं की दिवसाउजेडीसुद्धा चटकन दिसायची नाही. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आम्हा पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "दुसऱ्याच्या वावरातून जाशीन तं आंधी इहीर कुठी हाय थे इचारून घे." आपल्या वावरातली विहीर आपल्या पायांना ठाऊक असते, तिथे डोकं चालवावं लागत नाही. दुसऱ्याच्या वावरात पाय तसेच बिनधास्त पडतात आणि घात तिथेच होतो. हे मला पुढे पॅराशूटला लटकलेलं असताना आठवणार आहे असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर घरात हशा पिकला असता.

आधी थोडी ओळख करून देतो. आपल्या यवतमाळला धावपट्टी आहे, पण उड्या मारायचं ठिकाण, ज्याला या खेळात ड्रॉपझोन म्हणतात, ते नाही. एक धावपट्टी, एक-दोन विमानं, छत्र्यांच्या घड्या घालायची लांबलचक खोली, नावनोंदणीची खिडकी आणि शेजारी उतरायचं मैदान, एवढा सगळा संसार म्हणजे ड्रॉपझोन. भारतात पॅराशूटशी ओळख होते ती बहुतेक सैन्यामार्फत. एनसीसीच्या निवडक मुलामुलींना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात आणि तिथल्या मालपुऱ्याच्या मैदानावर त्यांच्या उड्या होतात. हौशी लोकांसाठी अलीकडच्या वर्षांत हरियाणात नारनौलजवळच्या बाछोदच्या धावपट्टीवर सोय झाली, आणि मध्य प्रदेशच्या पर्यटन खात्याने २०२२ पासून उज्जैनजवळ दतान्याच्या धावपट्टीवर महोत्सव भरवले. हौशी माणूस अशा ठिकाणी बहुधा 'टँडम' उडी मारतो, म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीशी बांधलेला असतो. कुठे उतरायचं याची काळजी त्या बिचाऱ्या प्रशिक्षकाने करायची, आपण हात पसरून फोटो काढून घ्यायचा.

एकट्याने उडी मारायची तर गोष्ट बदलते. आजची खेळातली छत्री ही गोल छत्री नाही. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढची तोंडं उघडी आणि मागची शिवलेली. पुढून हवा शिरली की ते कप्पे फुगतात आणि विमानाच्या पंखासारखा आकार तयार होतो. म्हणून ती नुसती खाली येत नाही, पुढे धावते. नवशिक्यांची मोठी छत्रीसुद्धा ताशी सुमारे ३० किलोमीटरने पुढे जाते. आता हिशेब करा. वारा ताशी १५ किलोमीटरचा आहे आणि तुम्ही वाऱ्याकडे तोंड करून उतरलात, तर जमिनीला पाय लागताना तुमचा वेग १५. वाऱ्याला पाठ करून उतरलात तर ४५. माणूस तोच, छत्री तीच, वेग तिप्पट. पहिल्या प्रकारात माणूस दोन पावलं चालून थांबतो. दुसऱ्या प्रकारात चालत्या मोटारसायकलवरून उडी टाकल्यासारखं होतं.

यासाठी उतरण्याचा एक ठरलेला मार्ग असतो. साधारण १,००० फुटांवर मैदानाच्या कडेने वाऱ्याबरोबर जायचं, ६०० फुटांच्या सुमारास काटकोनात वळायचं, ३०० फुटांच्या आसपास पुन्हा वळून वाऱ्याला तोंड द्यायचं आणि मग नाकासमोर सरळ. त्याखाली मोठं वळण घ्यायचं नाही. जोराने वळताना छत्री झपकन खाली जाते आणि जमीन जवळ असेल तर सावरायला जागाच उरत नाही. लोकांना वाटतं की या खेळात माणसं मरतात ती छत्री न उघडल्यामुळे. अमेरिकेत २०२१ साली सुमारे ३५ लाख उड्यांमागे १० मृत्यू झाले. आकडा लहान आहे, पण वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्या तर त्यांतला मोठा वाटा छत्री व्यवस्थित उघडलेली असताना, जमिनीजवळच्या चुकीने गेलेल्यांचा असतो. या नोंदी मी झोप येत नसेल तेव्हा वाचतो असं माझी बायको म्हणते.

मी हे सगळं शिकलो ते २०१२-१३ मध्ये. कंपनीने सिएटलला पाठवलं होतं. तिथून तासाभरावर एक छोटासा ड्रॉपझोन होता. हिरवंगार गवत, चहूकडे उंच झाडं, बाजूने नदी, आणि समुद्र जवळच, त्यामुळे जमिनीची उंची जवळजवळ शून्य. चार माणसं मावतील एवढं सेस्ना विमान. प्रशिक्षकांनी मला मार्ग शिकवला तो असा: लाल छपराच्या गोठ्यावर १,००० फूट, नदीच्या वळणावर ६०० फूट, मग डावीकडे वळून कुंपणाच्या रांगेत ३०० फूट. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. पंचवीस उड्या झाल्या, पहिला परवाना मिळाला, एकोणतीस झाल्या. एकोणतिसावेळा मी लाल गोठ्यावरून वळलो होतो आणि मला वाटत होतं की मला उतरता येतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या मावसभावाकडे गेलो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पेरिस नावाचं गाव आहे. फ्रान्सच्या पॅरिसशी त्याचा संबंध नाही. पण पॅराशूटच्या जगात ते पंढरपूर म्हणावं एवढं मोठं ठिकाण. दादाने नेऊन सोडायचं कबूल केलं. आदल्या रात्री मी त्या जागेविषयी वाचत बसलो होतो. २२ एप्रिल १९९२ रोजी तिथे उड्डाण घेताच एक ट्विन ऑटर विमान कोसळलं, इंधनात भेसळ झाली होती, आणि विमानातल्या २२ पैकी १६ जण गेले. वाचलेल्यांत डॅन ब्रॉडस्की-चेनफेल्ड होते. मान मोडली होती, तरी ते पुन्हा उड्या मारू लागले आणि पुढे त्याच ड्रॉपझोनचे व्यवस्थापक झाले. माझ्या खांद्यावरून वहिनींनी पडद्यावरचा फोटो पाहिला आणि विचारलं, "भाऊजी, मावशींना माहीत आहे का तुम्ही हे करता ते?" माहीत नव्हतं. आई समजत होती की मी सुट्टीच्या दिवशी फिरायला जातो.

सकाळी पोचलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती ऊन. कोरडं, पांढरं, डोळ्यांवर येणारं ऊन. भोवती बोडके तपकिरी डोंगर, सपाट माळ. समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा यवतमाळइतकीच, साधारण १,४०० फूट. मला एकदम मे महिन्यात पुसद रोडला उभा असल्यासारखं वाटलं.

खिडकीपाशी फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता, आजवरच्या उड्या. माझ्या मागे रांगेत जो गृहस्थ उभा होता त्याच्या हेल्मेटला इतके ओरखडे होते की त्याच्या उड्या हजारांत असणार हे उघड होतं. माझा हात त्या रकान्यावर थांबला. पन्नास लिहावं असं मनात आलं. खोटं कोण तपासणार होतं? तर लॉगबुक तपासणार होते, ते हातातच होतं, म्हणून २९ लिहिलं. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे हे कबूल केलं पाहिजे. बाईंनी आकडा वाचला, "इथे पहिल्यांदा?" म्हणून विचारलं आणि आतल्या एका वयस्कर प्रशिक्षकाला हाक मारली.

भिंतीवर मैदानाचा आकाशातून काढलेला मोठा फोटो होता. त्या गृहस्थांनी बोट ठेवून भराभर सांगितलं. इथे धावपट्टी, इथे तुमच्यासारख्यांनी उतरायचं, वारा असा असेल तर असं वळायचं, तसा असेल तर तसं, छत्री उघडल्यावर आधी ईशान्येचा जलाशय शोधायचा, म्हणजे दिशा कळेल. मी मान डोलवत होतो. आपल्याकडे शाळेत गुरुजी "समजलं का?" विचारायचे तेव्हा आपण सगळे डोलवायचो तशी. बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "आता तू मला सांग."

मला सांगता येईना. फोटोत उत्तर कुठे हेसुद्धा सांगता येईना. कान गरम झाले. गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर उन्हात नेलं आणि मैदानाच्या कडेला उभं केलं. फोटोतली एकेक गोष्ट मला हाताने दाखवायला लावली. ही धावपट्टी, हे घड्या घालायचं छप्पर, हा पोहण्याचा तलाव. होय, तिथे पोहण्याचा तलावसुद्धा आहे. मग मी पहिला शहाणपणाचा प्रश्न विचारला. "इथे वाईट जागा कोणत्या?"

हा मोठ्या बाबांचाच प्रश्न होता, फक्त इंग्रजीत विचारलेला. आणि त्या माणसाचा चेहरा खुलला. तोवर ते मला नियम सांगत होते, आता गावची खबर देऊ लागले. धावपट्टीवरून खालच्या उंचीने ओलांडायचं नाही, विमानं येतात. रस्त्याच्या कडेच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. कुंपणं तशीच. वारा जोरात असेल तर इमारतींच्या आडोशाला जायचं नाही. आडोसा म्हणजे सुरक्षित असं आपल्याला वाटतं, पण नदीत खडकामागे पाणी जसं भोवऱ्यात फिरतं तशी इमारतीमागे हवा फिरते, आणि कापडाच्या पंखाला ती मानवत नाही. शेवटी त्यांनी मैदानापलीकडचा एक मोठा उघडा तुकडा दाखवला. "काही जमलं नाही तर तिथे. लांब आहे, पण मोकळं आहे." पर्यायी जागा आधी ठरवून ठेवायची असते, ती हवेत शोधायची नसते. मला आमच्या ड्रॉपझोनवरही हे शिकवलं होतं. एकोणतीस उड्यांत गरज पडली नाही म्हणून मी ते विसरलो होतो.

आता उंचीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे भलेभले फसतात. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असतं, अल्टिमीटर. ते हवेच्या दाबावर चालतं. त्याला जमीन कुठे आहे हे कळत नाही, आपण सांगतो ती जमीन. म्हणून उडीआधी जमिनीवर उभं राहून काटा शून्यावर आणायचा. माझं सिएटलहून आणलेलं घड्याळ पेरिसला बॅगेतून काढलं तेव्हा १,४०० फूट दाखवत होतं, आणि मी जमिनीवर उभा होतो. ते तसंच राहिलं असतं तर ४,५०० समजून मी ३,१०० फुटांवर छत्री उघडली असती. पाठीवरच्या पिशवीत दुसरं एक यंत्र असतं. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला तर ते राखीव छत्री आपोआप उघडतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांनी मित्राच्या मृत्यूनंतर ते बनवायला घेतलं आणि 'सायप्रस' या नावाने १९९१ मध्ये ते बाजारात आलं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात माणूस सुमारे ७५० फुटांवर अजून वेगाने पडत असेल तर ते राखीव छत्रीच्या पिशवीची दोरी कापतं. त्यालाही जमीन सांगावी लागते. चालू करताच ते जिथे असेल ती जागा शून्य धरतं. घरी चालू करून गाडीतून घाटावरच्या मैदानावर नेलं तर त्याचं गणित चुकू शकतं, म्हणून नव्या मैदानावर पोचलं की बंद करून पुन्हा चालू करायचं.

शीतल महाजन हे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचं आहे. पुण्याच्या या मुलीने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली. उणे ३७ अंश तापमान, रशियन हेलिकॉप्टर, २,४०० फूट, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी. नवखा माणूस आणि अनोळखी मैदान यांची याहून टोकाची गाठ मला ठाऊक नाही. तिथे गोठा नाही, नदी नाही, झाड नाही, खाली सगळं पांढरं, आणि ते पांढरंसुद्धा समुद्रावर तरंगणारं. डिसेंबर २००६ मध्ये त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या. तिथला बर्फ समुद्रसपाटीपासून सुमारे ९,३०० फुटांवर आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली, ती बातमी आली तेव्हा सगळ्यांनी २१,५०० हा आकडा पाहिला. मी दुसरा आकडा शोधला, त्या उतरल्या त्या जमिनीचा. तो होता १७,४४४ फूट. म्हणजे पायाखाली जेमतेम ४,००० फूट मोकळी जागा, आणि हवा इतकी विरळ की छत्रीचा वेग वाढलेला. ही उडी जास्त अवघड का, हे दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

विरळ हवेवरून आठवलं. हवा उंचीवरच विरळ होते असं नाही, उन्हानेही होते. १,४०० फुटांवर ३८ अंशांत हवा साधारण ४,५०० फुटांवरच्या हवेसारखी वागते. त्या दिवशी तेवढंच ऊन होतं. माझी भाड्याने घेतलेली छत्री सिएटलपेक्षा थोडी वेगाने धावणार होती. मे महिन्यात यवतमाळला ड्रॉपझोन असता तर तिथेही हेच झालं असतं.

भाड्याचं सामान घेताना आणखी दोन प्रश्न विचारले. छत्रीचं माप काय, आणि राखीव छत्रीची घडी कधी घातली? अमेरिकेत परवानाधारक माणसाने ती १८० दिवसांच्या आत घातलेली असावी लागते आणि तारीख पिशवीतल्या कार्डावर असते. कार्ड पाहिलं. मग आरशासमोर उभा राहून तिन्ही मुठींना हात लावून पाहिला. मागची मुख्य छत्रीची, उजवीकडची बिघडलेली छत्री सोडून द्यायची आणि डावीकडची राखीव छत्रीची. दुसऱ्याच्या सायकलवर बसल्यावर आपण आधी ब्रेक कुठे आहेत ते पाहतो, तसंच.

विमानात वीस-बावीस माणसं. पट्टा बांधून बसलो. १९९२ ची आठवण तिथे कोणी बोलून दाखवत नाही, पण पट्टे सगळे बांधतात. आमच्या छोट्या विमानात कोणी आधी उडी मारायची हा प्रश्नच नसे. इथे मोठे गट आधी, लहान मागून, आणि मध्ये काही सेकंद सोडायचे, म्हणजे हवेत एकमेकांवर आदळायला नको. किती सेकंद, ते वरच्या वाऱ्यावर ठरतं. शेजारच्याला विचारलं. त्याने बोटांनी सांगितलं, सात.

१२,५०० फुटांवरून बाहेर पडलो. मोकळ्या पडण्याचं पाऊण मिनिट छान गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ४,५०० ला छत्री उघडली, वर पाहिलं, चौकोनी आणि पूर्ण. मग खाली पाहिलं आणि पोटात गोळा आला.

मैदान नव्हतं. म्हणजे असणारच, पण मला दिसत नव्हतं. सिएटलला तपकिरी काही दिसलं की ती धावपट्टी, बाकी सगळं हिरवं. इथे सगळंच तपकिरी, काटकोनात कापलेलं, एकासारखा दुसरा चौकोन. माझे डोळे लाल गोठा शोधत होते. दीड हजार किलोमीटर उत्तरेला असलेला गोठा! हे मला तेव्हाच स्पष्ट कळत होतं, तरी डोळे ऐकत नव्हते. मग जलाशय आठवला. तो सापडला, दिशा लागली, आणि तिथून मागे येत येत एक निळा ठिपका दिसला. पोहण्याचा तलाव. घड्याळात पाहिलं तर ३,००० फूट. पंधराशे फूट शोधण्यात गेले होते.

१,००० फुटांच्या जरा वर होतो तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यावर धुळीचा एक खांब उभा राहिलेला दिसला. फिरणारा, वर जाताना रुंद होणारा. आपल्याकडे ही काय चीज आहे हे कुणाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात नांगरलेल्या वावरात दुपारी वावटळ उठते, पऱ्हाटीची पानं, कागद, पिशव्या घेऊन फिरते. आजी सांगायची त्यात भूत असतं. भूत नसतं, तापलेल्या उघड्या जमिनीवरची हवा एकदम वर उसळते आणि भोवतालची हवा वेढा घेत तिची जागा भरायला धावते, एवढंच. पण लहानपणी तिच्यामागे धावलेल्या पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती पुढच्या क्षणी कुठे वळेल ते सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, धूळ दिसते ती उघड्या जमिनीवर. गवतावर आली की धूळ संपते, वारा संपत नाही. घराच्या उंचीवर असताना ती छत्रीच्या एका बाजूला लागली तर तेवढे कप्पे मिटू शकतात.

माझा सरळ रस्ता त्या कोपऱ्यावरूनच जात होता. मी वळलो आणि त्या गृहस्थांनी दाखवलेल्या उघड्या तुकड्याकडे गेलो. ६०० ला काटकोन, ३०० ला वाऱ्याकडे तोंड. तारा नव्हत्या, खांब पाहून घेतले होते. जमीन अपेक्षेपेक्षा लवकर आली, पाय घसरले, कुशीवर पडलो, कोपर सोलवटलं. उठून वळून पाहिलं तर वावटळ केव्हाच विरून गेली होती आणि बाकी सगळे हिरवळीवर टपाटप अलगद उतरत होते.

छत्री कवेत घेऊन त्या उन्हात पंचवीस मिनिटं चालत आलो. संपूर्ण वाटेत मनात एकच, लोक काय म्हणतील. प्रशिक्षक सावलीत उभे होते. म्हणाले, "ती विरणार आहे हे तुला कळलं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मग बरोबर केलंस. पाणी पी." तेवढंच. त्या हेल्मेटवाल्या गृहस्थाने आपल्या पहिल्या वर्षात तो कुठल्या कुठल्या परसात उतरला होता याची यादी ऐकवली. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं होतं.

लॉगबुकात लिहिलं, उडी ३०, पेरिस, मैदानाबाहेर, चालत २५ मिनिटं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकतिसावी मारली. त्याआधी पुन्हा त्या फोटोपुढे जाऊन उभा राहिलो आणि वाऱ्याची दिशा विचारली, बाहेर कापडी पिशवी डोळ्यांसमोर फडफडत असतानाही.

पुढच्या रविवारी घरी फोन केला. आईला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आधी मोठ्या बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं, विमान, वावटळ, तो उघडा तुकडा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वावर कोनाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मोठे बाबा."

"पीक होतं काय त्याच्यात?"

"नव्हतं. मोकळंच होतं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि आईला हाक मारली.